भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीची एसएसबी चौकी : तिथल्या तपासणीचा माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाच पैकी साडेचार. का ते सांगते, जरा लांबेल पण वाचा, कारण लुंबिनीला जाणारे आपल्याकडचे खूप लोक याच गेटातून जातात आणि इथे दहा मिनिटं थांबावं लागलं की लगेच चिडचिड सुरू होते. एसएसबी म्हणजे सशस्त्र सीमा बल, नेपाळ सीमेवर पहारा देणारं आपलं दल, आणि मी लिहितेय ते मुलींची तस्करी रोखण्यासाठी तिथे होणाऱ्या चौकशीबद्दल.

नोव्हेंबरात आम्ही सातजणी पुण्याहून निघालो. आई, दोन मावश्या, शेजारच्या काकू आणि त्यांच्या जाऊबाई, मी आणि माझी एकोणीस वर्षांची भाची. गोरखपूरपर्यंत ट्रेन, मग गाडी करून फरेंदा, नौतनवा करत सोनौली. रस्त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही, शेवटी शेवटी ट्रकांची रांग लागते त्यात वेळ जातो एवढंच. गाडी अलीकडेच सोडायची, गेट पायी ओलांडायचं, पलीकडे बेलहिया, तिथून भैरहवा आणि मग लुंबिनी. जाताना आमच्याकडे कोणी फार बघितलं नाही. मतदार कार्ड दाखवलं, बॅगा बघितल्या, झालं.

खरा अनुभव परत येताना आला.

नेपाळकडून भारतात येताना आमचा ड्रायव्हर दोन मोठ्या बॅगा घेऊन पुढे चालला होता आणि भाची त्याच्या बरोबर, आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या चालीने मागे. पोचून बघतो तर एसएसबीच्या एक लेडी कॉन्स्टेबल तिला बाजूला घेऊन उभ्या आणि ड्रायव्हरला दुसऱ्या जवानाने पाच-सहा पावलं लांब नेलेलं. दोघांना वेगवेगळे प्रश्न. हा माणूस कोण, पूर्ण नाव काय, कधीपासून ओळखतेस, कुठे चाललीस, तिथे कोण आहे, आईचा नंबर पाठ आहे का, मोबाईल कोणाकडे आहे, तुझं ओळखपत्र तुझ्याकडे आहे की त्याच्याकडे. आवाज अजिबात चढलेला नव्हता. भाचीला पाण्याची बाटली पण दिलेली. मोठी मावशी मात्र भडकली, आमच्या मुलीला असं बाजूला का घेतलं म्हणून, तर त्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माताजी, सबसे पूछते हैं, बुरा मत मानिए." आम्ही सगळ्यांनी कार्डं दाखवली, भाचीने आजीला मिठीच मारली, विषय संपला. एकूण सात-आठ मिनिटं.

मला राग आला नाही, उलट बरं वाटलं, आणि त्याचं कारण सांगायला हवं. मी पुण्यात चार वर्षं बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत तिथल्या बायकांच्या मुलांना संध्याकाळी शिकवायला जायचे. त्या मुलांच्या आयांमध्ये नेपाळच्या होत्या, बंगालच्या होत्या, आणि गप्पा मारताना कधी विषय निघालाच तर गोष्ट जवळजवळ एकच असायची, गावाकडचा ओळखीचा माणूस, नोकरी नाहीतर लग्न, बसचा प्रवास, मग बॉर्डर, मग ट्रेन. बॉर्डरवर कोणी काही विचारलं का असं मी एकीला विचारलं होतं. ती म्हणाली, विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं की हा माझा मामा नाही. हे वाक्य मी विसरू शकत नाही. एकदा ती ट्रेन पकडली की पुढे सगळं फार अवघड होऊन बसतं. मुंबईत फेब्रुवारी 1996 मध्ये कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांवर मोठी धाड पडली, शेकडो मुली सोडवल्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या, आणि त्यांना घरी परत न्यायचं म्हटल्यावर तिकडचं सरकारच कचरत होतं, शेवटी काठमांडूतल्या संस्थांनी पुढे होऊन त्यांना नेलं. म्हणजे सोडवल्यावर सुद्धा महिनोन्महिने. आणि इथे गेटवर सात मिनिटं.

आता या चौकीचं काम किती कठीण आहे ते समजून घ्या. भारत-नेपाळ सीमा 1751 किलोमीटर आहे आणि ती खुली आहे, 1950 च्या करारामुळे दोन्हीकडच्या लोकांना व्हिसा लागत नाही, रोज हजारो लोक कामाला, बाजाराला, माहेरी ये-जा करतात. म्हणजे बेकायदा घुसला म्हणून कोणाला पकडायचा प्रश्नच नाही. दलाल आणि मुलगी दोघं दिवसाढवळ्या, कायदेशीरपणे, हातात हात घालून येऊ शकतात. मशीनमध्ये बॅग टाकली की सापडेल असं यात काही नसतं. माणसाच्या चेहऱ्यावरून, बोलण्यातल्या विसंगतीवरून ओळखायचं असतं. एसएसबी 1963 साली वेगळ्याच कामासाठी, चीन युद्धानंतर, उभी राहिली होती, नेपाळ सीमा तिच्याकडे 2001 मध्ये आली, आणि आता या सीमेवर त्यांच्या महिला जवान दिसतात ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. सतरा वर्षांची घाबरलेली मुलगी बंदूकधारी पुरुषाला काय सांगणार? बाईला सांगेल.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ही माणसं एकटी काम करत नाहीत. नेपाळच्या बाजूला माईती नेपाल सारख्या संस्थांच्या बायका बॉर्डरवर नजर ठेवून असतात. ही संस्था अनुराधा कोइराला यांनी 1993 मध्ये सुरू केली, आपल्या सरकारने त्यांना 2017 मध्ये पद्मश्री दिली. नेपाळीत मुलींच्या या खरेदी-विक्रीला 'चेलीबेटी बेचबिखन' म्हणतात, चेलीबेटी म्हणजे आपल्याच घरच्या लेकी, आणि माईती म्हणजे माहेर. आपल्याकडे माहेर शब्दाला जो अर्थ आहे तोच, त्यामुळे मला ते नाव ऐकूनच गलबलून आलं. वाट चुकलेली मुलगी सापडली की इकडून तिकडे सोपवतात, घरी फोन लावतात, आई-बाप येईपर्यंत ठेवून घेतात.

आमचं होईपर्यंत शेजारी बाकावर एक मुलगी बसली होती, असेल सोळा-सतराची, पायात नवीकोरी चप्पल, टाचा सोललेल्या. तिच्यासोबतचा माणूस आत होता. ती म्हणत होती दिल्लीला दिदीकडे चाललेय, आणि दिदीचा पत्ता विचारला की गप्प. कॉन्स्टेबल बाईंनी तिला परत परत विचारलं नाही, नुसत्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या आधी चहा घे. आमची गाडी लागली होती म्हणून आम्ही निघालो, तेव्हा पलीकडून दोन नेपाळी बायका तिच्याकडे येत होत्या आणि ती रडायला लागली होती. आई गाडीत बसेपर्यंत मागे वळून बघत होती.

अर्धा स्टार का कापला, तर तो या चौकीतल्या माणसांसाठी नाही, व्यवस्थेसाठी. एक म्हणजे मोठ्या रस्त्यावर चौकी आहे पण मधे शेतं आहेत, पायवाटा आहेत, दलालाला त्या पाठ असतात. दुसरं, एसएसबी पकडते आणि स्थानिक पोलिसांकडे सोपवते, पुढचा तपास आणि केस पोलिसांची, मुलगी राहते दुसऱ्या देशात, साक्षीला ती कशी येणार, मग केस ढिली पडते आणि तो माणूस पुन्हा मोकळा. अडवणं सीमेवर होतं पण शिक्षा व्हायला कोर्टापर्यंत सगळी साखळी टिकावी लागते.

आणि एक प्रश्न मलाही पडतो. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने कामाला चालली असेल तर? आखाती देशात घरकामाला जाण्यावर नेपाळने बंधनं घातली तेव्हा बायका भारतातल्या विमानतळांवरून जायला लागल्या, म्हणजे दलालाचंच फावलं. त्यामुळे अडवणं वेगळं आणि विचारणं वेगळं. माझ्या भाचीला त्यांनी विचारलं, उत्तर पटलं, सोडलं. एवढीच रेषा पाळली जावी.

बांगलादेशच्या बाजूला बीएसएफ आहे, तिथलं गणित अजून वेगळं. ती सीमा 4096 किलोमीटर, कुंपण, आणि कागद नसताना ओलांडणं हाच गुन्हा, त्यामुळे फसवून आणलेली मुलगी सुद्धा घुसखोर म्हणून तुरुंगात जायची भीती. गृह मंत्रालयाने 2012 मध्येच राज्यांना कळवलंय की अशा पीडितेवर परदेशी नागरिक कायद्याखाली केस लावू नका. तरी माझ्या ओळखीतल्या एका बांगलादेशी मुलीला सुधारगृहात राष्ट्रीयत्वाचे कागद जुळेपर्यंत दोन दिवाळ्या काढाव्या लागल्या.

जाणाऱ्यांसाठी : मतदार कार्ड किंवा पासपोर्ट प्रत्येकाचा स्वतःच्या खिशात ठेवा, एकाच माणसाकडे सगळ्यांचे गठ्ठा करून देऊ नका, त्यांना तेच संशयास्पद दिसतं आणि बरोबरच दिसतं. तरुण मुली ग्रुपमध्ये असतील तर आधीच सांगून ठेवा की विचारतील, घाबरू नको, खरं ते सांग. सकाळी लवकर पोचा, ट्रकांची गर्दी कमी असते. वाटेत किंवा ट्रेनमध्ये एखादं मूल कोणाबरोबर गोंधळलेलं दिसलं तर 1098 ला फोन लावा, बाईसाठी 181, स्वतः भांडायला जाऊ नका, तो माणूस पुढच्या स्टेशनवर उतरून तिला घेऊन जाईल.

मोठी मावशी गोरखपूरला ट्रेनमध्ये बसल्यावर भाचीला म्हणाली, नंबर पाठ आहे ना गं माझा, म्हण बघू. तिने म्हणून दाखवला.