सात बाजार, एक ॲप आणि गेलेले पैसे

नैरोबीत राहणाऱ्या आणि भारतातून इकडच्या शेअरबाजारावर डोळा ठेवून असलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. माझे २,२०,००० शिलिंग गेलेत. ज्यानं घेतले तो अस्खलित मराठी बोलत होता.

माणूस आला तो इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून. म्हणे एकाच ॲपवरून आफ्रिकेतल्या सात बाजारांत खरेदी-विक्री करा: जोहान्सबर्ग, लागोस, कैरो, कासाब्लांका, मॉरिशस, नैरोबी आणि आबिजानचा बीआरव्हीएम, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांचा सामायिक बाजार. मी शोधलं, तर हेच सात बाजार जोडणारा प्रकल्प २०२२ मध्ये खरंच सुरू झालेला, पाठीशी आफ्रिकन विकास बँक. फक्त तो ब्रोकरांनी एकमेकांकडे ऑर्डरी पाठवण्यासाठी आहे, तुमच्याआमच्या मोबाइलसाठी नव्हे. पण हे बातमीत तळाला असतं, आणि तिथवर वाचतो कोण!

पुढचा सगळा डाव असाच. एका रविवारी ॲपवर सफारीकॉमचा, म्हणजे इथल्या मोबाइल कंपनीच्या शेअरचा, भाव हलताना दिसला. मी विचारलं, तर लगेच व्हॉइस नोट आली: "अहो ताई, कैरोचा बाजार रविवारी चालू असतो की!" असतो खरा, तिथला आठवडा रविवार ते गुरुवार. पण सफारीकॉमचा कैरोशी काय संबंध? तो शेअर नैरोबीचा, आणि नैरोबीचा बाजार सोमवार ते शुक्रवार. पुढे एकदा तोच शेअर एका दिवसात १८ टक्के चढला. इथे एरवी दिवसाला १० टक्क्यांपलीकडे भाव जाऊच देत नाहीत. त्याची उत्तरं मात्र इतकी चटपटीत, की असं काही तपासायची वेळच तो येऊ देत नसे.

पैसे काढायला गेले तेव्हा म्हणाला, नफ्यावर १५ टक्के कर आधी भरा, मग रक्कम सुटेल. केनियात लाभांशावरचा कर कंपनीच कापून घेते आणि बाजारात नोंदलेल्या शेअरच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. आणि सरकारी कर कुणाच्या खासगी एम-पेसा नंबरवर (एम-पेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सेवा) भरायचा असतो का?

नैरोबीत शेअर घ्यायचे तर तुमच्या नावाचं सीडीएस खातं लागतं. आपल्याकडच्या डीमॅटसारखंच ते, परवानाधारक ब्रोकरमार्फत किंवा बँकेमार्फत उघडतात, आणि शेअर केंद्रीय डिपॉझिटरीत तुमच्या नावावर राहतात. त्यानं मला एक सीडीएस नंबर दिला होता. डिपॉझिटरीत चौकशी केली, तर त्या नंबरचं खातंच नाही. ब्रोकरला परवाना आहे का, हे कॅपिटल मार्केट्स ऑथॉरिटीच्या, म्हणजे इथल्या बाजार नियामकाच्या, यादीत फुकट दिसतं. ही दोन कामं पैसे पाठवायच्या आधी करा, बाकी कितीही कमी वाचलंत तरी चालेल.

इथले जुने लोक २००८ ची आठवण काढतात. तेव्हा न्यागा स्टॉकब्रोकर्स ही परवाना असलेली कंपनी बुडाली होती. अशा वेळी गुंतवणूकदार भरपाई निधी असतो, पण तोही ५०,००० शिलिंगांपर्यंतच, आणि ब्रोकर परवानाधारक असला तर. माझ्यासारख्यांना तिथून काही नाही.

एम-पेसाकडे व्यवहार उलटवायची मागणी केली, तोवर समोरच्या नंबरवरचे पैसे उचललेले होते. गुन्हे अन्वेषण विभागात तक्रार दिलीय. ग्रुपमधल्या आणखी दोघी पुढे आल्या. एकीचे यजमान अजूनही म्हणतात, तक्रार नको, चारचौघांत शोभा होईल. मला ते पटत नाही. त्या माणसाचं फावतं ते ह्याच शोभेच्या भीतीपायी.

आता नवा फोन येतोय. लंडनचा वकील म्हणवतो, थोडी फी भरली तर पैसे परत मिळवून देतो म्हणतो. माझे किती गेले ते त्याला शिलिंगापर्यंत ठाऊक आहे, आणि हा आकडा पोलिसांखेरीज फक्त घेणाऱ्यालाच माहीत होता. तो नंबर ब्लॉक न करता तपास अधिकाऱ्याला पाठवलाय. तुम्हालाही आला तर तेच करा.