यूपीएसचं तोंड बंद करायचं, पण कोणत्या सॉफ्टवेअरने?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे रात्री लाइट गेली की अंधाराचं कोणाला काही नसतं, सगळे तसेही धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) नाहीतर गच्चीवर झोपलेले असतात. झोप मोडते ती खालच्या खोलीतल्या यूपीएसमुळे, म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या डब्यामुळे. आमचा दर अर्ध्या मिनिटाला चारदा टीं करतो आणि बॅटरी संपत आली की अखंड केकाटतो. शेजारचे काका वरूनच ओरडतात, "भाऊ, त्यानं तोंड बंद कर ना!"

आधी यूपीएसची मागची बाजू बघा. कॉम्प्युटरला जोडायचं यूएसबी पोर्ट नसेल, तर सॉफ्टवेअरचा विषय तिथेच संपला. दुकानातून घेतलेल्या 600 व्हीए क्षमतेच्या स्वस्त यूपीएसला ते बऱ्याचदा नसतं. काही मॉडेलांत चालू-बंदचं बटण हलकं दाबलं की आवाज थांबतो. तेवढं माहितीपुस्तकात पाहून घ्या.

पोर्ट आहे, यूपीएस एपीसी कंपनीचा आहे आणि कॉम्प्युटरवर विंडोज आहे, तर कंपनीचंच पॉवरच्यूट हे सॉफ्टवेअर टाका आणि मोकळे व्हा. त्यात आवाज कायमचा बंद करता येतो, किंवा फक्त ठराविक तासांत. आपल्याला हवा तो दुसराच पर्याय: रात्री गप्प, दिवसा बोलका. हे मला बाकी कुठे इतकं सोपं दिसलं नाही.

तोच यूपीएस लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरतात ती कार्यप्रणाली) चालणाऱ्या कॉम्प्युटरला जोडला असेल तर एपीसीयूपीएसडी हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोजवरही चालतं, पण घड्याळ लावून गप्प बसवायची सोय आयती मिळत नाही. सोबत येणाऱ्या एपीसीटेस्ट या छोट्या प्रोग्रॅमच्या मेनूत अलार्मचं वागणं बदलता येतं, आणि ते थेट यूपीएसच्या स्मृतीत लिहिलं जातं. आधी एपीसीयूपीएसडीची मागे चालू असलेली मुख्य सेवा थांबवावी लागते, नाहीतर एपीसीटेस्टला यूपीएस मिळतच नाही. नवखे इथेच अडकतात आणि केबलला दोष देतात.

यूपीएस दुसऱ्या कंपनीचा असेल, किंवा एकाच यूपीएसवर दोन-तीन यंत्रं असतील (सेवा केंद्रात असतातच), तर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट. कंपन्यांचं बंधन सगळ्यांत कमी याला. पण बसवायला अर्धा दिवस धरा. ड्रायव्हर (आपल्या यूपीएसशी बोलणारा प्रोग्रॅम) निवडा, वापरकर्ता तयार करा, त्या वापरकर्त्याला हुकूम द्यायची परवानगी द्या. ही परवानगी विसरलात तर यूपीएस दिसतो, पण ऐकत नाही. आपला यूपीएस कोणते हुकूम मानतो, ती यादीही नटच दाखवतं. त्यात 'डिसेबल' आणि 'म्यूट' दोन्ही दिसले तर फरक लक्षात ठेवा. म्यूट म्हणजे आत्ताची ओरड थांबव, डिसेबल म्हणजे पुन्हा बोलूच नकोस. साध्या लोकल यूपीएसमध्ये बहुधा 'टॉगल' एवढंच असतं: एकदा दिलं की बंद, पुन्हा दिलं की चालू. लाइट गेल्यावर आपोआप टॉगल देणारी स्क्रिप्ट लिहिलीत, तर दुसऱ्या रात्री ती गप्प असलेल्या यूपीएसला बोलतं करेल. आधी बीपरची (टीं करणाऱ्या भोंग्याची) स्थिती वाचा, मग हुकूम द्या.

खोक्यातल्या सीडीवरचं सॉफ्टवेअरही असाच हुकूम पाठवतं. चाललं तर ठीक, पण जुन्या सीडीसाठी हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह कुठून आणणार?

माझा कल विचाराल तर घरी पॉवरच्यूट, दुकानात नट. मात्र आवाज बंद करण्याआधी आपोआप शटडाउन लावून घ्या, कारण बॅटरी संपत आल्याची हाकही त्याच बीपरमधून येते. एपीसीयूपीएसडीमध्ये हे मुळातच 5 टक्के बॅटरी किंवा 3 मिनिटं उरल्यावर ठेवलेलं असतं. आपल्याकडे मी ते वाढवून 30 टक्के आणि 10 मिनिटं ठेवतो. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं, आणि आपल्या खोल्या उन्हाळ्यात 40 च्या आसपास तापतात. दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीने सांगितलेली मिनिटं खरी निघतातच असं नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक भानगड. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो आणि पुष्कळ यूपीएस ती वीज मानतच नाहीत. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि यूपीएस मात्र स्वतःच्या बॅटरीवर ओरडतोय. ही ओरड सॉफ्टवेअरने दाबलीत तर वीस मिनिटांनी उजेडातच कॉम्प्युटर बंद पडेल. इथे बीपरला हात न लावता पॉवरच्यूट किंवा एपीसीटेस्टमधून यूपीएसची संवेदनशीलता (विजेत जरा फरक पडला की बॅटरीवर जायची सवय) कमी करून बघा. तरीही ओरडला, तर साइन वेव्ह, म्हणजे लाइटसारखीच गोलसर लहर देणाऱ्या, इन्व्हर्टरची किंमत विचारून या.