विसराळू ज्येष्ठांची झोप-तपासणी : घरी करावी की रुग्णालयात?

सत्तरीनंतरचा विसराळूपणा आणि रात्रीचे घोरणे या दोन्ही गोष्टी आपल्याकडे ‘वय झालं आता’ म्हणून सोडून दिल्या जातात. मात्र झोपेत श्वास पुन्हापुन्हा दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबत असेल, म्हणजेच स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर रक्तातला ऑक्सिजन घटतो, झोप तुटत राहते आणि दिवसाचा गोंधळ स्मृतिभ्रंशासारखा भासू शकतो. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, २९८ वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात असा श्वसनविकार असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के, तर नसलेल्यांपैकी ३१ टक्के स्त्रियांमध्ये पुढे सौम्य बौद्धिक ऱ्हास किंवा स्मृतिभ्रंश आढळला. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण तपासणी करून घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

पुण्यात दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत. घरच्या तपासणीत नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून आपल्याच पलंगावर झोपायचे असते. खर्च कमी येतो, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींची चढ-उतारही वाचते. मात्र हे यंत्र सहसा मेंदूच्या लहरी नोंदवत नाही, त्यामुळे माणूस झोपला होता की छताकडे पाहत पडला होता, हे त्याला कळत नाही. जागेपणाचे तासही हिशेबात धरले जातात आणि तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा (५च्या वर विकार, ३०च्या वर तीव्र) प्रत्यक्षाहून कमी येतो. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी तर ही तपासणी गणेशोत्सवाच्या दिवसांत ठेवूच नये. म्हणून या अहवालातील ‘आहे’ यावर विश्वास ठेवावा, ‘नाही’वर लगेच ठेवू नये.

रुग्णालयातील पॉलिसोम्नोग्राफीत, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या सविस्तर झोप-तपासणीत, डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी आणि पाय यांनाही वायरी लावतात. पक्षाघात होऊन गेला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असेल, किंवा झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे असे प्रकार घडत असतील, तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून हाच पर्याय निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात करण्याचा विकार पार्किन्सन आणि ल्युई बॉडी स्मृतिभ्रंशाशी निगडित असून त्याची खात्री घरच्या यंत्राने होत नाही. अडचण आहे ती अनोळखी खोलीची. आधीच गोंधळणारा माणूस मध्यरात्री उठून वायरी ओढतो, तेव्हा जवळ घरचे कोणी हवेच. त्यामुळे सोबतीला त्याच खोलीत झोपू देतात का, आणि लघवीला जाताना वायरींची पेटी सोडवून देणारा तंत्रज्ञ रात्रभर जागा असतो का, हे वेळ ठरवतानाच विचारावे.

रोजची झोपेची गोळी चालू असल्यास ती त्या रात्री घ्यावी की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारावे. परस्पर बंद करू नये.