दाखवलं एक पुस्तक, पाठवलं दुसरंच

गेल्या वर्षी चतुर्थीच्या तोंडावर आमच्या गटाचे १०,६२० रुपये बुडाले. डिचोली तालुक्यातल्या एका गावात आम्हा बारा बायकांचा स्वयंसहाय्य गट आहे. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये बाजूला टाकत एवढी रक्कम जमायला नऊ महिने लागले होते. विणकाम-शिवणकामाची पुस्तकं घ्यायचा ठराव सगळ्यांचा होता, पण ती चाळून "घेऊया" म्हणणारी मी, आणि पैसेही माझ्याच फोनवरून गेले. म्हणून हे मीच लिहायला हवं. ती पुस्तकं विकून गेलेला माणूस उद्या पेडण्यात, सत्तरीत किंवा सीमेपलीकडे दोडामार्गात दुसऱ्या एखाद्या गटासमोर बसलेला असेल.

पुस्तकं कशासाठी हवी होती ते आधी सांगते. गोव्यात थंडी ती केवढी, तरी पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाला टोपरं आणि पायमोजे लागतातच. क्रोशाचे रुमाल, टेबलावरची गोल कव्हरं नाताळच्या आधी चांगली जातात. जबल्यांना तर बाराही महिने गिऱ्हाईक. आमच्यात हात बसलेल्या तिघीच. बाकीच्या नऊजणींना शेजारी बसवून शिकवायचं तर या तिघींची कामं खोळंबतात. यूट्यूब आहे, पण मांडीवर काम असताना दर ओळीला फोन थांबवायचा, मागे न्यायचा, यात जीव मेटाकुटीला येतो. समोर उघडं ठेवता येईल असं मराठी पुस्तक हवं, असं सगळ्यांचं मत पडलं.

जुलैच्या शेवटी देवळाच्या सभामंडपात आमची बैठक चालू असताना हे गृहस्थ आले. पन्नाशीचे, बोलायला मऊ, प्रत्येकीला 'वहिनी' म्हणणारे. बॅगेतून तीन पुस्तकं काढली: सुयांवरचं विणकाम, क्रोशा आणि लहान मुलांचे कपडे. "सरकारमान्य आहेत, वहिनी," म्हणाले. शेजारच्या गावातल्या एका गटाने बारा संच घेतले असंही सांगितलं. त्या गटातल्या कुणालाही फोन करायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही केला नाही. नंतर कळलं, त्या गटाने हा माणूस पाहिलेलाच नव्हता.

आणि ती तीन पुस्तकं खरोखर उत्तम होती. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणूक तिथेच आहे. विणकामाच्या पुस्तकात प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर सुईची जाडी मिलिमीटरमध्ये दिली होती, लोकर किती जाड ते होतं, आणि दहा सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके नि किती ओळी बसल्या पाहिजेत तेही होतं. क्रोशाच्या पुस्तकात सुरुवातीलाच साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब या टाक्यांची चित्रं, आणि पुढे प्रत्येक नमुन्याला शब्दांबरोबर खुणांची आकृती. शिवणकामाच्या पुस्तकाच्या पाठीमागे घडी घातलेला मोठा कागद होता. त्यावर जबल्याचा बेत, म्हणजे कापड कापायचा आराखडा, पूर्ण मापात आखलेला, शिलाईसाठी माया किती धरली आहे ते लिहिलेलं आणि कोपऱ्यात पाच सेंटिमीटरचा एक चौकोन. हा चौकोन पट्टीने मोजायचा असतो. तो बरोबर भरला की बाकीचा बेतही बरोबर. मी पट्टी लावली, पाच भरले, आणि तिथेच माझा विश्वास बसला.

पट्टी लावली ती त्यांच्या बॅगेतल्या प्रतीला. आम्हाला मिळणार होत्या त्या प्रती कुणी पाहिल्याच नव्हत्या.

एका संचाचे ८५० रुपये, पण सगळे पैसे आगाऊ दिले तर ७५०. बारा संचांचे नऊ हजार, वर अठरा टक्के जीएसटी म्हणून १,६२०. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. आम्ही शिवलेले कपडे विकतो, खर्चाचा हिशेब ठेवतो, आणि आमच्यापैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं. दुकानदाराने किंवा फेरीवाल्याने पुस्तकाच्या बिलात हा कर लावला तर तिथेच उठावं. त्यांनी दिलेल्या पावतीवर जीएसटीचा नंबरही होता. तो नेहमी पंधरा अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७. आमच्या पावतीवरच्या नंबरात अक्षरं चौदाच आहेत. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की व्यापाऱ्याचं नाव कुणालाही फुकट बघता येतं. हे सगळं मी नंतर शिकले.

अकरा दिवसांनी खोकं आलं. कव्हरं हुबेहूब तीच, गुळगुळीत आणि रंगीत. आत पाहिलं तर झेरॉक्स. भरतकामाच्या चार पानांवर रंगांच्या खुणा सगळ्या काळ्या, म्हणजे लाल कुठला नि हिरवा कुठला ते कळायला मार्ग नाही. आम्ही म्हटलं, छपाई फिकी आहे, असू दे, नमुने तर आहेत. चतुर्थीची गडबड होती, घराघरांत साफसफाई, गणपतीवर टांगायच्या माटोळीची जमवाजमव. त्याच दिवशी पान न् पान तपासलं असतं तर पुढचे दोन आठवडे वाया गेले नसते.

आमच्या गटात एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे, सगळ्यात लहान आणि सगळ्यात चिवट. तिने पहिल्याच दिवशी सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर घेतला. पुस्तकात होतं: दहा नंबरच्या सुया, पाठीसाठी ३६ टाके. दहा सेंटिमीटरला किती टाके बसायला हवेत ती ओळ या प्रतीत नव्हतीच. तिने वीतभर विणलं आणि मोजलं तर रुंदी तेरा सेंटिमीटर. बाळाची पाठ तेराची कशी असेल? तिने उसवलं. हात सैल सोडून पुन्हा विणलं. जेमतेम चौदा भरले. तिसऱ्यांदा उसवलं तेव्हा लोकरीचा तंतू फुगून खराब झाला होता. "काकी, माझा हातच घट्ट आहे. मला नाही जमणार," असं मला सांगून ती दोन बैठकांना आलीच नाही. सुया परत पाठवून दिल्या.

दुसरीकडे क्रोशाचं गोल कव्हर घेतलेल्या दोघींचं काम सपाट बसेना. चौथ्या फेरीला कडा वर उचलली आणि सहाव्या फेरीला त्याची वाटी झाली. जबल्याचं तर कापडच गेलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं चार मीटर मलमल घडीवर घडी घालून कापून झालं, शिवून झालं, तेव्हा लक्षात आलं की वीस इंच छातीचा जबला चौदा इंचाचा झाला आहे. मी धावत जाऊन कोपऱ्यातला चौकोन मोजला. साडेतीन सेंटिमीटर. मोठा कागद एथ्रीवरून एफोरवर लहान करून छापला की सगळी मापं एकाहत्तर टक्क्यांवर येतात. बेत सुबक दिसत होता, रेषा स्वच्छ होत्या, आणि एकही माप खरं नव्हतं.

म्हापशाला आमची कव्हरं घेणाऱ्या एक बाई आहेत. चाळीस वर्षं क्रोशा त्यांच्या हातात. ती वाटी, ते तेरा सेंटिमीटर आणि तिन्ही पुस्तकं घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दहा मिनिटं पानं वाचली आणि म्हणाल्या, "हात चुकूंक ना गो, पुस्तक चुकलां."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथली दहा नंबरची सहा मिलिमीटरची. जाड लोकर घेऊन त्या सुईवर विणलं तर दहा सेंटिमीटरला चौदाच्या आसपास टाके बसतात आणि ३६ टाक्यांची पाठ पंचवीसच्या वर जाते. आपल्या बारीक सुईवर आणि बारीक लोकरीवर तेवढ्याच जागेत अठ्ठावीस टाके मावतात. म्हणजे त्या मुलीचा हात अगदी बरोबर चालला होता.

क्रोशाचंही तसंच. ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. मुक्या खांबाचं सपाट वर्तुळ हवं तर दर फेरीला सहा वाढवतात. खांब कितीतरी उंच, त्याला दर फेरीला बारा वाढवावे लागतात. आमच्या पुस्तकात आकडा सहाचा होता आणि शब्द खांबाचा. कुणीतरी ब्रिटिश नमुना उचलून, बहुधा मशीनकडून, मराठीत करून घेतला होता, आणि तो एकदाही कुणी विणून पाहिला नव्हता. विणकामाचे नमुने अमेरिकन, क्रोशाचे ब्रिटिश, दोन्ही एकाच लेखिकेच्या नावावर. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रत्येक पुस्तकाला वेगळा असतो. आमच्या तिन्हींच्या मागे एकच नंबर छापला आहे.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. दोन्ही दहा नंबरांची गोष्ट सांगितली तेव्हा ती रडली. पैसे गेल्याचं मला दुःख आहे, पण तिने पंधरा दिवस स्वतःच्या हातांना दोष दिला, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. शिकणाऱ्या बाईला पुस्तकावर शंका घ्यायचं सुचत नाही. ती स्वतःवर घेते.

पुढचं थोडक्यात. फोन बंद. पावतीवरच्या पत्त्यावर माझा भाचा जाऊन आला, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात पावती दिली. पैसे गेल्यावर लगेच, तासाभरात १९३० ला फोन झाला तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते. आम्ही जवळजवळ चार आठवड्यांनी केला. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? खरं नाव नाही, खरा पत्ता नाही. पैसे परत आलेले नाहीत.

आता गटासाठी पुस्तक घ्यायचं तर आधी एकच प्रत घेतो, पैसे प्रत हातात आल्यावर. विकणारा जी प्रत दाखवतो तीच द्या म्हणतो. नाही म्हणाला तर विषय संपला. मग त्यातला सगळ्यात लहान नमुना नवशिकीकडून करून घेतो, हात बसलेलीकडून नाही, कारण जाणती बाई चुका आपोआप सावरून घेते आणि पुस्तक पास होतं. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये नसेल, तो चौकोन पट्टीला भरत नसेल, तर चित्रं कितीही देखणी असोत, ते पुस्तक आम्ही घेत नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचं. कदंबाच्या बसने आम्ही चौघी तिथे गेलो, दिवसभर पुस्तकं चाळली, लोकर आणि सुया पिशवीत होत्याच. विकत घेण्याआधी चांगलं पुस्तक कसं असतं ते डोळ्यांखालून घालायला एवढा एक दिवस द्यावा. शिवणकामाला आयटीआयची निमी या सरकारी संस्थेने काढलेली पुस्तकं आहेत. भाषा रुक्ष, पण मापं पायरीपायरीने दिलेली. आमच्या जाऊबाईंना ती फार आवडली.

बारा संचांचं खोकं गटाच्या कपाटाखाली पडून होतं. दिवाळीच्या आधी कुणीतरी म्हणालं, कव्हरं छान आहेत, शाळेच्या वाचनालयाला देऊन टाकूया, निदान पुण्य लागेल. मी काही बोलायच्या आत ती एकोणीस वर्षांची मुलगी उठली. तिने ठाम नाही म्हटलं. मग खाली बसून छत्तीसच्या छत्तीस पुस्तकांच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, 'यातली मापं चुकीची आहेत, विणू नये', आणि खोकं दोरीने बांधून परत कपाटाखाली सरकवलं.