‘सकाळी बघू’ की ‘आत्ताच निघू’: 2020 मधला पक्षाघात

मार्च 2020. चहाचा कप हातातून निसटतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं, बोलणं बोबडं होतं. घरात दोनच मतं: रात्रभर थांबून सकाळी बघू, किंवा आत्ताच 108 ला फोन करू.

थांबण्याची बाजू खुळी नव्हती. बाहेर संचारबंदी, दवाखान्यात कोरोना, सोबत एकाच माणसाला परवानगी. त्यात झटका सौम्य असेल आणि दुखत काहीच नसेल, तर ‘अशक्तपणा आला असेल’ म्हणणं सोपं. असं जगभर झालं. 70 देशांतल्या 457 रुग्णालयांच्या पाहणीत कोरोनाच्या साथीच्या पहिल्या चार महिन्यांत पक्षाघातासाठी दाखल होणारे रुग्ण त्याआधीच्या चार महिन्यांपेक्षा 11.5 टक्क्यांनी घटले. झटके काही सुट्टीवर गेले नव्हते. बरीच माणसं घरीच राहिली, असाच याचा अर्थ मी लावतो.

निघण्याच्या बाजूला घड्याळ होतं. पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतो किंवा रक्तस्रावाने; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. (रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारं ॲस्पिरिन तो वाढवू शकतं, म्हणून ते घरच्या घरी नको.) हे तास मोजतात रुग्णाला शेवटचं ठणठणीत पाहिलं तेव्हापासून. रात्री दहाला बरा असलेला माणूस सकाळी सहाला लुळा उठला, तर आठ तास गेले असंच धरावं लागतं. मोठी गुठळी रक्तवाहिनीत नळी घालून काढायला निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत वाव असतो, पण ती सोय मोजक्याच शहरांत.

मास्क लावून निघणंच बरं होतं.