२४ व्होल्टच्या लष्करी ट्रकात १२ व्होल्ट: वायर ओढायची, कन्व्हर्टर बसवायचा की सगळंच बदलायचं?

लिलावातला जुना लष्करी ट्रक दारात आला, की अडचण ठरलेली. सेल्फ, दिवे, हॉर्न सगळं २४ व्होल्टचं, कारण १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. आपल्याला हवा टेप, मोबाईल चार्जर, मळ्यातला छोटा पंप. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ मला सल्ला मिळाला, "दोन बॅटऱ्या आहेत ना? अर्थिंगकडच्या एकीवरून वायर ओढा."

ओढली. खर्च जवळपास शून्य. पण बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला कळते ती दोन्हींची बेरीज, समजा २८ व्होल्ट. जिच्यावर टेप वाजतो ती १३ वरच रेंगाळते, दुसरीच्या माथी १५ येतात. माझ्या दुसरीत सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं, झाकणांभोवती ॲसिडचा ओलावा, टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड. पहिलीचं पाणी जागच्या जागी, पण चार्ज नाही. शेवटी दोन्ही बदलल्या. एकच नवी टाकली असती तर नव्या-जुन्याची जोडी पुन्हा बिघडली असती.

कन्व्हर्टर, म्हणजे २४ चे १२ व्होल्ट करणारा डबा, दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच करंट घेतो. १२ व्होल्टवर १० अँपिअर, म्हणजे १२० वॉट. त्यासाठी २४ च्या बाजूने साधारण साडेपाच-सहा अँपिअर जातात. लोड १० चा असेल तर कन्व्हर्टर १५-२० चा घ्या, फ्यूज बॅटरीजवळच लावा आणि सप्लाय चावीवरून द्या, नाहीतर गाडी उभी असतानाही तो थोडाथोडा करंट खात राहतो. फार स्वस्तातला घेतलात तर रेडिओत खरखर येते.

दोन बॅटऱ्यांच्या मधून काढलेलं १२ व्होल्टचं वायरिंग आधीपासूनच गाडीभर पसरलं असेल, तर ते उपटण्यापेक्षा बॅटरी इक्वलायझर बरा. तो दोन्ही बॅटऱ्या समान पातळीवर ठेवतो.

सगळी गाडी १२ व्होल्टवर आणायची? सेल्फ, अल्टरनेटर, बल्ब, वायपर, सगळंच बदलावं लागेल. तेवढ्याच ताकदीला करंट दुप्पट, म्हणून सेल्फची केबलही जाड हवी. निफाडकडे डिसेंबरच्या पहाटे थंड डिझेल इंजिन फिरवताना हे चांगलंच जाणवेल. मी तरी या वाटेला जाणार नाही.

निर्णयाआधी इंजिन चालू ठेवून, १२ चा लोड लावून दोन्ही बॅटऱ्यांवर मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर मधली वायर आजच काढा.