मेकॅनिकलवाल्याची कॉम्प्युटर सायन्स पीएचडी: गेट की थेट अमेरिका?

मेकॅनिकलची पदवी, चार वर्षं कारखान्यात, आणि आता ओढ अल्गोरिदमची. अशा माणसापुढे दोन दारं असतात.

गेटचं, म्हणजे भारतातल्या इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं, दार रोखठोक आहे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. मेकॅनिकलवाल्यालाही कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देता येतो आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. पण खरी कसोटी मुलाखतीत. फळ्यापाशी उभं करून ग्राफवरची एखादी सिद्धता मांडायला लावतात, तेव्हा पाठांतर उघडं पडतं. प्रवेश मिळाला तर सरकारी फेलोशिप बहुधा महिना ३७,०००पासून सुरू होते. मात्र कोणत्या पदव्या चालतात ते विभागागणिक बदलतं, म्हणून फॉर्म भरण्याआधी ती यादी बघा.

अमेरिकेत मास्टर्सशिवायही थेट पीएचडीला घेतात, आणि बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेश परीक्षा काढून टाकली आहे. म्हणून हुरळू नका. तिथे मोठा भार तीन शिफारसपत्रांवर. माझ्या साहेबांनी मनापासून लिहिलं होतं, ‘वक्तशीर, कष्टाळू, मनमिळाऊ’. संशोधक निवडणाऱ्या समितीला त्याचा काडीचा उपयोग नाही! तिला हवं असतं: प्रश्न कोणी काढला, प्रयोग फसल्यावर यानं काय केलं. हे सांगणारा प्राध्यापक गाठीशी नसेल, तर डिसेंबरमध्ये दहा ठिकाणच्या अर्जांवर डॉलर ओतण्यापेक्षा आधी वर्षभर एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट व्हा. पगार कमी, पण पत्र खरं मिळतं.

पत्रं नसतील तर मी गेटच म्हणेन.